अबूबकरची उल्लेखनीय म्हणून नोंद

माणूस मोठा आहे की नाही हे ठरवण्याच्या जुन्या रीती आता मागे पडल्या आहेत. पूर्वी त्याचं काम बघत, चारचौघांत विचारत, फार तर त्याच्या मयताला किती माणसं जमली ते मोजत. या सगळ्यांत एक मोठा दोष होता, तो म्हणजे वेळ जायचा. आता यादी असते. यादीत नाव असलं की माणूस उल्लेखनीय आणि नसलं की नाही. यादीबाहेरचा माणूस सज्जन असू शकतो, कामसू असू शकतो, अगदी उंचही असू शकतो. पण उल्लेखनीय असू शकत नाही, आणि त्यानं तसं वागूही नये.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना ही गोष्ट जरा उशिरा कळली, पण कळल्यावर त्यांनी कसर ठेवली नाही. उल्लेखनीय धबधब्यांची यादी झाली (एकतीस, त्यांपैकी सहांना पावसाळ्यानंतरही पाणी असतं). फोटो काढण्याच्या उल्लेखनीय जागांची झाली. मग आली 'समकालीन उल्लेखनीय काच-कलावंत नोंदणी व निश्चिती समिती, कर्जत-खालापूर संयुक्त'. बाकी सगळं सोडून काचच का, असं एका सदस्यानं पहिल्या बैठकीत विचारलं होतं. दुसऱ्या बैठकीला तो सदस्य नव्हता.

समितीनं दीड वर्षात चौदा कलावंत निश्चित केले. चौदापैकी तेरा जण सोमवार ते शुक्रवार मुंबईत किंवा पुण्यात असतात आणि चौदाव्याची गाडी गॅरेजला आहे. म्हणून बैठक शनिवारी, अध्यक्ष ललिता मॅडमच्या पळसदरीच्या फार्महाउसवर होते. धरणावरून वारा येतो, चहा चांगला मिळतो आणि कलेला पोषक असं वातावरण राहतं.

या कलावंतांचं काम मोलाचं आहे. स्वतः ललिता मॅडम उत्तम प्रतीचे काचेचे फ्लास्क पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडतात. या मालिकेचं नाव 'पतन', आणि तिचे आजवर चाळीस भाग झाले आहेत. पतन-१७ मधला काचांचा ढीग पतन-१६ मधल्या ढिगापेक्षा थोडा डावीकडे आहे, हे जाणकारांच्या लगेच ध्यानात येतं. दुसरे एक कलावंत तापलेली काच गार पाण्यात बुडवून तडकवतात. तिसरे काच भाताच्या खाचरात पुरतात आणि वर्षभर काढत नाहीत (शेतकऱ्यानं तीनदा उकरून बांधावर ठेवली; ती तीन प्रदर्शनं म्हणून नोंदली गेली). चौथे नुसत्या रिकाम्या चौकटी लावतात. त्यांत काच नसते, पण ती असायला हवी होती असं वाटतं, आणि हे वाटणं हीच त्यांची काच आहे. प्रत्येकाची पद्धत त्याच्या नावावर रीतसर नोंदलेली आहे, म्हणजे उद्या कोणी ऊठसूट काच फोडून दुसऱ्याच्या कलेवर हात मारायला नको.

आता अबूबकर. खालापूर तालुक्यात, रसायनीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, घराच्या पडवीत त्याचा बर्नर आहे. काचेची नळी ज्योतीवर धरून फिरवायची, मऊ झाली की फुंकायची, वाकवायची, जोडायची. हे काम तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून करतो आहे आणि आता तो एकसष्टीला आला आहे. रसायनीच्या कारखान्यांच्या लॅबना लागणारे फ्लास्क, वाफ गार करायच्या दुहेरी नळ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मोडतोड, डेअरीची दूध तपासायची काचेची कांडी, हे सगळं त्याच्याकडे येत असे. ललिता मॅडम गॅलरीतून जे सोडत तेही त्याचंच. चौदांपैकी नऊ कलावंतांची काच त्याच्या पडवीतून जायची आणि ती यादीच्या परिशिष्टात 'कच्चा माल' या सदरात दाखवलेली होती. अबूबकरची त्याबद्दल तक्रार नव्हती. पतन-२३ त्यानं उभं राहून पाहिलं होतं आणि घरी येऊन बायकोला, हवाबीला, एवढंच सांगितलं होतं, "जोड एक पन सुटला नाय. काच फुटली, पन जोड शाबूत."

अशा माणसाला उल्लेखनीय होण्याची गरज काय, असं कोणीही विचारेल. गरज नव्हती. ती नोटिशीनं निर्माण केली.

गावाचा तो भाग नव्या आराखड्यात 'निवासी व निसर्गपर्यटन पट्टा' झाला, आणि अशा पट्ट्यात ज्योत, सिलिंडर किंवा धूर असलेला उद्योग चालवता येत नाही. अबूबकरकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. पंचेचाळीस दिवसांत बर्नर बंद करावा, अन्यथा सील करण्यात येईल, असं कागदावर लिहिलेलं होतं. मात्र खाली बारीक अक्षरांत एक दयाळू ओळ होती: 'समकालीन उल्लेखनीय कलावंतांच्या भट्ट्या वगळून'.

नोटीस घेऊन आला तो हर्षद. तो शेजारच्या सोनुबाईचा मुलगा, पडवीत बसून काचेचे मणी करून घेत लहानाचा मोठा झालेला, आणि आता समितीचा सदस्य-सचिव. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्यानं ते कार्यालयीन वेळेबाहेर सांगितलंही.

"चाचा, तुमी अर्ज करा. यादीत नाव आलं की कोन हात लावत नाय."

"मी कलावंत नाय रं हर्षद. मी काचवाला हाय."

"अर्जात तसा रकाना नाय, चाचा."

बर्नर बंद होणार म्हणजे काय, हे अबूबकरला रात्र न काढताच कळलं. त्यानं आपले हात पाहिले. या हातांना दुसरं काही येत नव्हतं. भात लावायला जमीन नव्हती, दुकानात बसायला तोंड नव्हतं. ज्योत विझली तर सकाळी उठून करायचं काय, या एका प्रश्नानं तो घाबरला, आणि आपण घाबरलो आहोत हे हवाबीला दिसू नये म्हणून विनाकारण मोरी धुवायला गेला. हवाबीला ते तेवढ्यावरूनच कळलं.

नोंदणीच्या अटी चार होत्या. पहिली, माध्यम काच असावं (दोन कलावंत प्लास्टिकात काम करतात, त्यांना पारदर्शकतेच्या आधारे सूट आहे). दुसरी, अर्जदार समकालीन असावा. यासाठी हयातीचा दाखला पुरतो. तिसरी, अर्जदाराचा पूर्वी कुठे तरी उल्लेख झालेला असावा. ही अट अवघड होती, पण परिशिष्टात 'कच्चा माल' या सदरात त्याचं नाव होतंच, आणि यादीत उल्लेख असणं यापेक्षा मोठा उल्लेख समितीच्या माहितीत नव्हता. चौथी अट साधी होती: कलाकृती कोणत्याही व्यावहारिक उपयोगास येण्याजोगी नसावी.

"ही तर सोप्पी हाय," हवाबी म्हणाली. "बिनकामाचं काय तरी करा."

अबूबकर कामाला बसला. त्यानं अकरा फूट नळी घेतली आणि तिला मनाला येईल तशी वाकवली. सात वळणं, तीन फुगे, एक गाठ. कुठून निघते नि कुठे जाते याचा पत्ता नाही. अर्जात 'कलाकृतीचे नाव' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'नळी'.

शनिवारी समितीनं ती पाहिली. ललिता मॅडमनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"यातून तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काय नाय मॅडम. अशीच वाकडी केली."

मॅडमचा चेहरा खुलला. इतकं प्रामाणिक निवेदन समितीपुढे याआधी आलं नव्हतं. नोंद झालीच असती, पण समितीवर एक तांत्रिक सदस्यही होते, गोमा मास्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहा कढत होता. त्यांनी तो नळीच्या वरच्या तोंडात ओतला. सात वळणं, तीन फुगे आणि एक गाठ पार करून चहा खालच्या तोंडाशी धरलेल्या त्याच कपात थेंब न थेंब उतरला. मास्तरांनी कप ओठांना लावला.

"पिण्याइतका झाला हो," ते म्हणाले.

दोष अबूबकरच्या हातांचा होता. बेचाळीस वर्षं ज्यानं लॅबसाठी नळ्या केल्या, त्याला नळीला ढाळ न देता ती वाकवताच येत नाही. आत थेंब अडकून राहता कामा नये, हे हाताला पाठ झालेलं असतं, मग डोक्यानं कितीही वाकडं जायचं ठरवलं तरी. इतर सदस्यांनीही आपापला चहा त्या नळीतून गार करून घेतला, आणि मग सर्वानुमते ठराव झाला: वस्तू उपयुक्त असल्याने नामंजूर.

दुसऱ्या खेपेला त्यानं नळीचा नादच सोडला. तुटकी काच वितळवून एक गोळा केला. ना तोंड, ना पोकळी, ना ढाळ. आत जायला जागाच नाही तर बाहेर काय येणार? गोमा मास्तरांनी गोळा हातात घेऊन उलटा-सुलटा केला, कानाला लावला, वास घेतला, आणि मान हलवली. काही उपयोग सापडेना. ललिता मॅडम म्हणाल्या, "छान मूर्खपणा आहे," आणि त्यांच्या तोंडी ही मोठी शाबासकी होती.

तेवढ्यात धरणावरून वारा आला आणि टेबलावरचे कागद फडफडले. हर्षद शिस्तीचा मुलगा. त्यानं हाताला लागलेली पहिली जड वस्तू उचलून कागदांवर ठेवली. बैठक पुढे दोन तास चालली आणि त्या दोन तासांत एकही कागद हलला नाही. शेवटी इतिवृत्त लिहिताना ही गोष्ट हर्षदच्या स्वतःच्याच ध्यानात आली. अर्जदाराच्या वस्तूनं अर्जदाराचा अर्ज उडू दिला नव्हता. नामंजूर. (गोळा कार्यालयानं ठेवून घेतला. गरज होती.)

"चाचा, माफ करा," बाहेर आल्यावर हर्षद म्हणाला. "माझा हात गेला."

"तुझा हात गेला नाय रं. माझाच वाकडा जात नाय."

तिसरी आणि शेवटची बैठक पंधरा दिवसांवर होती. त्यानंतर चार दिवसांत सील. अबूबकरनं विचार केला, मॅडमसारखं फोडावं का? पण फोडणं मॅडमच्या नावावर होतं. तडकवणं गेलेलं, पुरणं गेलेलं, नसणंसुद्धा गेलेलं. काच वाया घालवण्याच्या जेवढ्या रीती माणसाला सुचू शकतात तेवढ्या सगळ्या चौदा जणांनी वाटून घेतल्या होत्या. हर्षदनं नोंदवही उघडून पाहिली तेव्हा एकच रीत मोकळी निघाली, ती म्हणजे गळणं. गळक्या काचेवर अजून कोणी हक्क सांगितला नव्हता, कारण गळकं भांडं करायचं तर आधी भांडं करता यावं लागतं.

अबूबकरनं ऐकून घेतलं आणि दोन दिवस बर्नर पेटवलाच नाही.

त्याच्या पडवीत पाण्यानं भरलेली एक बादली असते. वस्तू तयार झाली, गार झाली, की एक तोंड बोटानं दाबायचं, दुसऱ्या तोंडातून फुंकायचं आणि वस्तू बादलीत धरायची. बुडबुडा आला तर कुठे तरी सुईच्या टोकाएवढं भोक आहे. मग पुन्हा ज्योतीवर, पुन्हा जोड, पुन्हा बादली. बुडबुडा येणारी वस्तू त्या पडवीतून आजवर बाहेर गेलेली नव्हती. लॅबमधल्या माणसाच्या तोंडावर वाफ आली तर ती आपल्यामुळे येता कामा नये, एवढीच त्याची कला, आणि तिला त्यानं कधी नाव दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक दुहेरी भिंतीचं भांडं केलं. एका भांड्याच्या पोटात दुसरं, मध्ये बोटभर मोकळी जागा, मान लांब आणि पातळ. इतकं देखणं भांडं त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं, कारण लॅबला देखणेपणाचं काम नसतं. खालच्या जोडात त्यानं जाणूनबुजून एक बारीक भोक ठेवलं. बादलीत धरलं. बुडबुडा आला. आणि त्याच्या हातानं त्याला न विचारता भांडं उचललं, ज्योतीवर नेलं आणि भोक बुजवून टाकलं.

पुन्हा भोक पाडलं, पुन्हा बादली, पुन्हा बुडबुडा, आणि हात पुन्हा ज्योतीकडे. तिसऱ्या वेळी हवाबी स्वयंपाकघरातून आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"अवो, राहू द्या ते."

"गळतंय गं."

"गळू द्या. तुमी नाय गळत ना? मग झालं."

तिनं दुसऱ्या हातानं गॅस बंद केला. अबूबकर तसाच बसून राहिला. त्याला लाज वाटत होती. आपल्याच नावानं खोटी सही केल्यासारखं वाटत होतं, आणि भोक ठेवून झाल्यावर बर्नर वाचेल याचा आनंद काही केल्या येत नव्हता. हवाबीनं भांडं जुन्या चादरीत गुंडाळलं, कारण तो ते स्वतः गुंडाळणार नाही हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी गोमा मास्तरांनी भांड्यात पाणी ओतलं. काही झालं नाही. मास्तर म्हणू लागले की हेही उपयोगी निघालं, यात पाणी राहतं, एवढ्यात जोडातून एक थेंब सुटला आणि हजेरीपत्रकावर पडला. मग दुसरा. अध्यक्षांच्या सहीची शाई पसरली.

"किती खरं आहे हे," ललिता मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्या ढोंग करत नव्हत्या. हे नोंदवणं आवश्यक आहे. "अबूभाई, इतकी वर्षं तुम्ही हे आत कसं दाबून ठेवलंत?"

"बुजवत व्हतो, मॅडम," अबूबकर म्हणाला.

हे उत्तर यादीत त्याच्या नावाखाली 'कलावंताचे मनोगत' म्हणून छापलेलं आहे. अशा रीतीनं दोन्ही तालुक्यांना पंधरावा समकालीन उल्लेखनीय काच-कलावंत मिळाला. बर्नरला हात न लावण्याचं पत्र हर्षदनं स्वतः आणून दिलं आणि पाया पडला. पत्रात शेवटी एक अट होती, ती तर्काला धरूनच होती: सदर भट्टीत यापुढे उपयोगी वस्तू आढळल्यास नोंद आपोआप रद्द समजण्यात येईल.

त्यानंतर रसायनीच्या लॅबनी आपलं काम दुसरीकडे दिलं. कॉलेजचा शिपाई दोनदा मोडकं सामान घेऊन आला आणि दोनदा परत गेला. ललिता मॅडमचे फ्लास्कही थांबले, कारण एका उल्लेखनीय कलावंताला दुसऱ्याचा कच्चा माल होता येत नाही. एकदा सोनुबाई आली. तिची दूध तपासायची कांडी फुटली होती आणि डेअरीवाला तिच्या दुधात पाणी आहे म्हणत होता.

"अबूभाय, एवढी एक करून द्या."

"नाय गं करता येत आता."

"का? हात दुखतो का?"

"हात बरा हाय. मी उल्लेखनीय झालोय."

सोनुबाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हर्षद बोलला व्हता कायतरी झालंय म्हनून," ती म्हणाली. "दवाखान्यात दाखवलं का?"

अबूबकर रोज सकाळी बर्नर पेटवतो. ज्योत निळी आणि सरळ येते, तिच्यात काही फरक नाही. तो महिन्याला एक गळकं भांडं करतो. हात अजूनही ज्योतीकडे जातो, आणि हवाबी अजूनही त्या वेळी हातातलं काम टाकून त्याच्याशेजारी येऊन बसते. महिन्यातून एकदा येणारी तपासणी समाधानकारक आहे.

पळसदरीला पंधराही जणांचं वार्षिक प्रदर्शन भरलं तेव्हा अबूबकरची भांडी दरवाज्याच्या समोर, सर्वांत मानाच्या जागी मांडली होती. नियमानं कलावंतानं आपल्या कामाशेजारी उभं राहायचं असतं. तो उभा राहिला, फक्त हातात एक फडकं घेऊन. फरशीवर पाणी साचत होतं, कोणाचा तरी पाय घसरेल अशी त्याला धास्ती होती आणि ती जाहीर निवेदन काढूनही गेली नसती. म्हणून दर थोड्या वेळानं तो खाली बसून फरशी पुसत होता.

प्रदर्शनाचा अहवाल समितीनं नुकताच प्रसिद्ध केला आहे. रविवारी एका दिवसात तीनशे बारा प्रेक्षक आले. पंधराव्या कलावंताच्या भांड्यांसमोर दोनशे सत्तेचाळीस फोटो काढले गेले, म्हणजे इतर सर्वांच्या एकूण फोटोंपेक्षा जास्त. भांड्यांतून पडणारा थेंब फोटोत नेमका यावा म्हणून लोकांनी बरीच खटपट केली आणि अनेकांना तो साधलाही. एकशे नव्वद जणांनी कलावंताला 'काका, जरा बाजूला होता का' असं म्हटलं. ही सूचना असल्यानं ती संवादात धरलेली नाही. तो दर वेळी बाजूला झाला. 'प्रेक्षक-कलावंत संवाद' या रकान्यात त्याच्या नावापुढे एक हा आकडा आहे. विषयाच्या रकान्यात हर्षदनं आपल्या स्वच्छ अक्षरात 'स्वच्छतागृह कोठे आहे' असं लिहिलं आहे.

तो प्रश्न तुमचाच होता, आणि स्वच्छतागृह तुम्हाला चटकन सापडलं, याची नोंद समितीनं घेतली आहे. त्यानं फडकं खाली ठेवून, स्वतः तुमच्याबरोबर येऊन, दार दाखवलं होतं. घाईत तुमच्याकडून आभार मानायचे राहून गेले, पण फोटो मात्र सुंदर आला आहे. त्यात तुम्ही आहात, थेंब आहे, आणि मागची फरशी अगदी कोरडी आहे.